मेक्सिकोतल्या मॉर्मन 'कॉलनी'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की मेक्सिकोतल्या मॉर्मन (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) कॉलनीजवरचा एक लेख मराठीत करायला घेतलाय, त्यात 'वसाहत' लिहिलं तर वाचकाला इंग्रजांचं राज्य आठवेल का, आणि तिथे राहायला गेलेल्यांना 'वसाहतवादी' म्हटलेलं चालेल का.

वसाहत बिनधास्त लिहा. वसाहतवादी मात्र अजिबात नको.

पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत हे आपण रोज बोलतो, तिथे कोण कुणावर राज्य करतंय? तो अर्थ चिकटतो पुढे 'वाद' लागला की. आणि कॉलनी तसंच ठेवलं तर टीचर्स कॉलनी, रेल्वे कॉलनी डोळ्यापुढे येते, चार बिल्डिंगा आणि मधे गणपतीचा मंडप. (मेक्सिको सिटीत कोलोनिया रोमा वगैरे आहे ते असंच, शहरातला एक भाग.) पण इथे तर माळावर नव्याने उभी केलेली आख्खी गावं आहेत.

झालं काय होतं, तर अमेरिकेत १८८२ च्या एडमंड्स कायद्याने एकापेक्षा जास्त बायका असलेल्या मॉर्मनांची धरपकड सुरू झाली, म्हणून १८८५ मध्ये युटा-ॲरिझोनाकडची कुटुंबं चिवावा राज्यात कासास ग्रांदेसच्या आसपास येऊन उतरली. तिकडे अध्यक्ष पोर्फिरिओ दिआसला उत्तरेत माणसं वसवायचीच होती, त्यासाठी १८८३ चा कायदाच होता, नव्याने येऊन वसणाऱ्याला दहा वर्षं लष्करातली नोकरी माफ आणि नगरपालिकेचे सोडून बाकी कर माफ. आपल्याकडे ओसाड गाव पुन्हा नांदतं करायला कौल द्यायचे, सुरवातीची वर्षं सारा माफ नाहीतर कमी, ते आठवा, म्हणजे 'वसाहत' इथे किती चपखल बसतो ते कळेल. गाव वसवणे हाच तो अर्थ.

मला सगळ्यात बोलकी वाटतात ती गावांची नावं. कोलोनिया दिआस हे चालू अध्यक्षाच्या नावाने, हुआरेस हे आधीचे अध्यक्ष बेनितो हुआरेस यांच्या, दुब्लान अर्थमंत्र्याच्या आणि पाचेको ज्या मंत्र्याच्या खात्याकडे हे जमिनीचं काम होतं त्याच्या. राज्य करायला आलेला माणूस गावाला आपल्या राणीचं नाव देतो, यांनी आसरा देणाऱ्यांची दिली. हुआरेसवाल्यांना तर घरं बांधून झाल्यावर कळलं की जमीन सान दिएगो रँचची आहे, मग बाडबिस्तरा उचलून नदीच्या वरच्या अंगाला अरुंद खोऱ्यात सगळं पहिल्यापासून. तरी जमिनी मोठमोठ्या होत्या आणि आजूबाजूच्या मेक्सिकन लोकांना ते खुपत होतं हेही खरंय, ते लेखात यायलाच हवं, पण त्याला दोन वाक्यं नीट द्या, एका 'वादी'त कोंबू नका.

मग माणसाला काय म्हणायचं? स्पॅनिशमध्ये 'कोलोनो', मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शेतकरी. म्हणून मी 'वसाहतकरी' सुचवेन, गावकरी, शेतकरीसारखा. उच्चाराचं म्हणाल तर हुआरेस, दिआस लिहा, शेवटी झ नको, मेक्सिकोत स म्हणतात. आणि कोलोनिया हुआरेसचं 'हुआरेस कॉलनी' करू नका, ते गावाचं नावच आहे.

अजून एक. १९१२ च्या जुलैत, मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत, ओरोस्को या बंडखोर सेनानीच्या माणसांनी वसाहतकऱ्यांकडे बंदुका मागितल्या, तेव्हा बायकामुलं आगगाडीने सरहद्दीपलीकडे अमेरिकेतल्या एल पासोला गेली आणि पुरुष मागून, त्याला इंग्रजीत बायबलातला एक्झोडस शब्द वापरतात, तो तुम्ही 'महानिर्गमन' असा करू नका, 'गावं उठली' लिहा. त्यातली हुआरेस आणि दुब्लान पुन्हा वसली, आजही आहेत. दिआस उठलं ते उठलंच.