फ्रँकेन्स्टाइनच्या त्या जीवाला 'भस्मासुर' म्हणावं का?

वडसा-देसाईगंजकडच्या एका हौशी नाटकमंडळाने विचारलं आहे. 1931 सालचा 'फ्रँकेन्स्टाइन' हा इंग्रजी चित्रपट पाहून त्यांनी दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या लोकरंगभूमीच्या) थाटाचं नाटक लिहायला घेतलं. एक शास्त्रज्ञ मढ्यांचे अवयव जोडून माणूस तयार करतो, तो जिवंत होतो आणि मग सगळंच हाताबाहेर जातं, ही गोष्ट. नाटकाचं नाव ठरलं 'भस्मासुर'. मंडळातल्या गुरुजींना ते पटत नाही, ते म्हणतात 'राक्षस' ठेवा. पोरांचं म्हणणं, सरळ 'भूत' ठेवा, तिकिटं खपतील. आणि फ्रँकेन्स्टाइन हे नाव घडवणाऱ्याचं की घडवलेल्याचं, यावरही त्यांच्यात दोन तट आहेत.

शेवटचा मुद्दा लवकर सुटतो. फ्रँकेन्स्टाइन हे घडवणाऱ्याचं आडनाव. मेरी शेली यांची मूळ कादंबरी 1818 मध्ये लंडनला छापली गेली, तीही लेखिकेच्या नावाशिवाय. तिच्यातला व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा जिनिव्हाचा तरुण, इंगोलश्टाटच्या विद्यापीठात शिकायला गेलेला. चित्रपटात त्याचा हेन्री झाला. घडवलेल्या जीवाला मात्र दोन्हीकडे नाव नाही. नंतर लोकांनी बापाचं आडनाव त्यालाच चिकटवलं. आपल्याकडेही पोराच्या नावामागे बापाचं नाव लागतंच, त्यामुळे बोलण्यात असं झालं तर मी कुणाला अडवणार नाही. पण ज्या बापाने त्याला कधी आपला म्हटलं नाही त्याचं आडनाव त्याला देताना गोष्ट पुसली जाते, आणि नाटक लिहिणाऱ्याला तरी हा फरक ठाऊक असायला हवा.

आता 'भस्मासुर'. मराठीत हा शब्द इतका रुळला आहे की महागाईचाही भस्मासुर होतो आणि कर्जाचाही. आपणच वाढवलेली गोष्ट आपल्यावर उलटली की पहिल्यांदा हाच शब्द तोंडात येतो. मूळ गोष्ट आठवा. असुराने तप केलं, शंकराकडे वर मागितला की ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन त्याचं भस्म व्हावं, आणि वर मिळताच तो शंकराच्याच मागे लागला. शेवटी मोहिनीसोबत नाचता नाचता त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर गेला. भागवतात हीच कथा वृकासुराच्या नावाने येते. या गोष्टीत शंकराने असुराला घडवलेलं नाही, फक्त शक्ती दिली. वर असुरानेच मागितला आणि उपकार त्यानेच फेडले नाहीत. म्हणजे भस्मासुर म्हटलं की दोष घेणाऱ्याकडे जातो आणि देणारा भोळा ठरतो.

फ्रँकेन्स्टाइनच्या गोष्टीत नेमकं उलटं आहे. त्या जीवाने काही मागितलंच नव्हतं. मेरी शेली यांनी पुस्तकाच्या पहिल्या पानावर इंग्रज कवी मिल्टनच्या महाकाव्यातल्या ओळी दिल्या आहेत. त्यांत आदम आपल्या कर्त्याला विचारतो, की मातीतून मला माणूस कर असं मी तुला सांगितलं होतं का? कादंबरीचा सगळा भार या प्रश्नावर आहे. व्हिक्टर रात्रंदिवस खपून तो देह उभा करतो, त्याने डोळे उघडले की त्याच्या रूपाला भिऊन पळून जातो, आणि पुढची सगळी दुर्दशा तिथून सुरू होते. अशा जीवाला भस्मासुर म्हणणं म्हणजे पळालेल्या बापाची बाजू घेणं. तुमच्या नाटकाला तसं म्हणायचं नसेल, तर हे नाव काढा. गुरुजींचं अर्धं म्हणणं म्हणूनच बरोबर आहे.

पण त्यांचा 'राक्षस'ही बसत नाही. राक्षसाला कूळ असतं. रावणाचा आजा पुलस्त्य, आई कैकसी, भाऊ, बहीण, बायको, लंकेसारखं नांदतं घर. या जीवाकडे यातलं काहीच नाही, आणि त्याचं सगळं दुःख तेच आहे. त्यात तुम्ही गडचिरोली जिल्ह्यात नाटक करणार. तिथे गोंड समाजातली बरीच मंडळी रावणाला मानतात, पूजतात. 'राक्षस' म्हणजे आपोआप वाईट, असं तुमचे सगळे प्रेक्षक धरून चालणार नाहीत. चित्रपटवाल्यांनी मात्र राक्षसाला जागा करून दिली आहे, हे कबूल. त्यात फ्रिट्झ नावाच्या मदतनिसाच्या हातून चांगला मेंदू खाली पडतो आणि तो गुन्हेगाराचा मेंदू उचलून आणतो. म्हणजे वाईटपणा जन्मतःच डोक्यात घातलेला. कादंबरीत असलं काही नाही, आणि माझ्या मते ही चित्रपटाची सर्वांत कच्ची बाजू आहे. कारण त्याच चित्रपटात तो जीव छतातून उजेड आला की दोन्ही हात वर करून तो धरायला बघतो. तळ्याकाठी पोरीसोबत पाण्यात फुलं टाकतो, फुलं संपली की तीही तरंगेल या समजुतीने तिलाच पाण्यात टाकतो. ही दोन दृश्यं पाहिल्यावर मेंदूची बरणी कुणाला आठवते?

'भूत' या शब्दापाशी मला जास्त थांबायचं आहे, कारण पोरांनी नकळत फार जुन्या शब्दाला हात घातला आहे. 'भू' म्हणजे होणं, आणि जे झालं ते भूत. म्हणून सरलेला काळ भूतकाळ, पृथ्वी-आप-तेज-वायू-आकाश ही पंचमहाभूतं, आणि पसायदानातल्या 'भूतां परस्परें' मधली भूतं म्हणजे सगळे जीव. त्या अर्थाने घेतलं तर या नाव नसलेल्या जीवाला 'भूत' इतका नेमका शब्द दुसरा नाही. तो झाला, एवढंच त्याच्याबद्दल खात्रीने सांगता येतं. पण मंडईच्या गर्दीत हा अर्थ कोण ऐकणार? तिथे भूत म्हणजे मुंजा, हडळ, खवीस, चकवा. मेलेल्याची वासना मागे राहिली, ती पिंपळावर बसली, जागलीवरून परतणाऱ्याला तिने वाट चुकवली. भुताला इच्छा असते, देह नसतो. इथे देह आहे, चांगला धिप्पाड, शिवलेला. आणि मागची इच्छा एकही नाही, कारण त्याला मागचं काही आठवतच नाही.

'वेताळ'ही कुणीतरी सुचवेल. वेताळ झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरून बोलतो, पण तो बाहेरून शिरतो आणि बोलणं त्याचं असतं, मढ्याचं नसतं. या जीवात बाहेरून कुणी शिरलेलं नाही. कादंबरीत तो एका घराच्या आडोशाला लपून, आतल्या माणसांचं बोलणं ऐकत ऐकत स्वतः भाषा शिकतो. चित्रपटात त्याला नुसतं गुरगुरायला लावलं, तो भाग वेगळा.

शिवाय या गोष्टीचा पायाही भुताटकीचा नाही, त्या काळच्या प्रयोगांचा आहे. इटलीत गॅल्व्हानी नावाच्या शास्त्रज्ञाने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने हलवून दाखवले होते आणि 1791 मध्ये ते छापलंही होतं. त्याचा भाचा आल्दिनी याने 1803 मध्ये लंडनला फाशी दिलेल्या एका माणसाच्या मढ्याला वीज लावली, तेव्हा त्याचा जबडा थरथरला, एक डोळा उघडला, हात वर गेला. पाहणाऱ्यांची बोबडी वळली, पण ते जादू पाहत नव्हते, प्रयोग पाहत होते. तुमच्या नाटकात मांत्रिक आणि लिंबू-मिरची आणायचा मोह होईल. तो आवरा, नाहीतर शास्त्रज्ञाचा जाणता, म्हणजे झाडफूक करणारा, होईल आणि गोष्टीचा कणाच मोडेल.

मग आपल्याकडे जोडलेल्या देहाची गोष्ट नाहीच का? आहे, आणि ती महाभारतात आहे. बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं मूल झालं. घाबरून ते तुकडे बाहेर टाकून दिले. जरा नावाच्या राक्षसीने ते उचलून एकमेकांना लावले आणि मूल रडायला लागलं. जरेने सांधलेला म्हणून जरासंध. टाकून दिलेले तुकडे, सांधणारी बाई, आणि नावातच सांधणारीचं नाव. फ्रँकेन्स्टाइनच्या जीवाला इतकं जवळचं नातं आपल्या पुराणांत मला दुसरं दिसत नाही. फरक इतकाच की जरेने ते मूल राजाच्या हाती नेऊन दिलं, त्याला घर मिळालं.

आणि घडवणाऱ्यासाठी शब्द हवा असेल तर पंचतंत्र उघडा. चार मित्र रानातून जाताना त्यांना सिंहाची हाडं दिसली. एकाने सांगाडा जुळवला, दुसऱ्याने मांस-कातडं चढवलं, तिसरा प्राण घालायला निघाला. चौथ्याला विद्या नव्हती पण अक्कल होती. तो म्हणाला, आधी मला झाडावर चढू द्या. सिंह उठला आणि तिघांना खाऊन गेला. संस्कृतात त्या तिघांना 'सिंहकारक' म्हटलं आहे, सिंह करणारे. बोट सिंहाकडे दाखवलेलं नाही, कारण सिंह सिंहासारखाच वागला. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन असाच सिंहकारक आहे. हा शब्द जाहिरातीवर चालणार नाही, पण सूत्रधाराच्या तोंडी एकदा गोष्टीसकट घाला. मंडईतल्या म्हाताऱ्यांना ही गोष्ट पाठ असते.

आता तुमचं नाटक. मी एकच शब्द ठरवून देणार नाही, कारण मूळ कादंबरीतही एक शब्द नाही. व्हिक्टर त्याला कधी पिशाच म्हणतो, कधी अभागी म्हणतो. तेच करा. शास्त्रज्ञाने टेबलावरच्या देहाला 'मुर्दा' म्हणावं, आणि तो उठल्यावरही मुर्दाच म्हणत राहावं, म्हणजे तो कसा आहे ते आपोआप कळेल. मशाली घेऊन धावणाऱ्या गावकऱ्यांनी खुशाल 'भूत भूत' ओरडावं, त्यांना तेच दिसतं. आणि कादंबरीतला आंधळा म्हातारा नाटकात नक्की घ्या. त्याला समोरचं रूप दिसत नाही, म्हणून तो एकटाच त्याच्याशी नीट बोलतो. त्याच्या तोंडी आपल्याकडचं साधं वाक्य द्या: 'ये बाबू, बस. उभा काहून हायेस?' त्या जीवाला अख्ख्या नाटकात मिळणारं नाव म्हणजे हे 'बाबू'.

नाटकाला 'सांधलेला माणूस' हे नाव मला आवडेल. झाडीपट्टीत याहून झणझणीत नावं लागतात हे मला ठाऊक आहे. तसं असेल तर नुसतं 'फ्रँकेन्स्टाइन' ठेवा, ते शास्त्रज्ञाचं नाव म्हणून बरोबरच आहे. 'स्टाईन' असं दीर्घ लिहिलेलं बरंच दिसतं, मी ऱ्हस्व इ लिहितो. तुम्ही जे घ्याल ते फलकापासून हँडबिलापर्यंत एकसारखं ठेवा. आणि नटांची यादी छापताना त्या जीवापुढे भस्मासुर, राक्षस, भूत यांतलं काहीच लिहू नका. 1931 च्या चित्रपटात सुरुवातीच्या यादीत त्या जीवाचं काम करणाऱ्या बोरिस कार्लॉफच्या नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह होतं, त्याचं नाव शेवटच्या यादीत आलं. तुमच्या हँडबिलावरही तसंच प्रश्नचिन्ह छापा, आणि नटाचं नाव प्रयोग संपल्यावर माइकवरून सांगा.