दीड वर्षाचं मूल दिवसभर उचकापाचक करतं, त्याला आवरायचं कसं?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगा अठरा महिन्यांचा आहे, सकाळी उठल्यापासून ट्रॉल्या ओढतो, डबे सांडतो, वायरींना लोंबकळतो. ‘नको नको’ म्हणून घसा बसलाय आणि सासूबाई म्हणतात, एकदा हातावर चांगली द्या म्हणजे कळेल. द्यावी का?

देऊ नका. मी एकदा दिली आहे, म्हणून सांगतो.

माझी मुलगी आता दोन वर्षं तीन महिन्यांची आहे. मी चाकणला कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातो आणि बायको शाळेत शिकवते, त्यामुळे सकाळी साडेसात ते दुपारी एक मुलगी माझ्याकडे असते. पिंपरीत दोन खोल्यांचं घर आहे, सोबत माझी आई आहे, पण तिचे गुडघे दुखतात, तिला पळापळ होत नाही. मुलगी सोळा महिन्यांची असताना टीव्हीमागची वायर रोज ओढायची. एक दिवस मी हातावर चापट मारली. खूप रडली. दुसऱ्या दिवशी परत तिथेच गेली, माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्याच हातावर चापट मारली, ‘हाव’ म्हणाली आणि वायर ओढली. वायर ओढायच्या आधी हातावर मारायचं असतं, एवढंच तिला माझ्याकडून कळलं होतं. त्या दिवसापासून मी हात उचललेला नाही.

या वयात मूल ऐकत नाही असं आपण म्हणतो, पण त्याला ‘नको’ शब्द कळतो. कळूनही हात थांबवणं अजून जमत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी यायला वर्षं लागतात. शिवाय ‘पळू नको’ म्हटलं की त्याच्या कानात ‘पळू’ राहतं. ‘हळू चाल’, ‘खाली ठेव’, ‘मला दे’ असं काय करायचं ते सांगितलं तर निदान पाचातल्या दोन वेळा तरी होतं, असा माझा अनुभव आहे.

जाँ पियाजे नावाचे स्विस मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी स्वतःच्या तीन मुलांचं तान्हेपणापासून निरीक्षण करून टिपणं ठेवली. त्यांचं म्हणणं असं की १२ ते १८ महिन्यांचं मूल एकच कृती जरा जरा बदलून पुन्हा करून पाहतं. चमचा उंचावरून टाकला तर काय, बाजूला टाकला तर काय, जोरात टाकला तर काय. हे वाचल्यावर मी एका सकाळी ओरडायच्या ऐवजी नुसतं बघत बसलो. मुलीने स्टीलची वाटी फरशीवर टाकली, आवाज संपेपर्यंत थांबली. मग चटईवर टाकली. आवाज आला नाही तेव्हा वाटी उचलून तिच्या आत बघितलं, आवाज कुठे गेला ते शोधल्यासारखं. मग पुन्हा फरशीवर. हे तिने सोळा वेळा केलं, मी मोजलं. तिला मी कालपर्यंत खोडकर म्हणत होतो.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: त्याचा हात आवरू नका, घर आवरा. ज्या गोष्टींनी जीव जातो त्या त्याच्या हाताला लागूच द्यायच्या नाहीत, आणि उरलेलं घर त्याच्यासाठी मोकळं सोडायचं. ‘नको’ फक्त तीन-चार ठिकाणी ठेवायचं. आमच्याकडे गॅस, जिन्याचं दार आणि देवघरातलं निरांजन, एवढ्यांनाच नको आहे. दिवसात चार वेळाच ऐकू येत असल्यामुळे त्या शब्दाला ती दचकून थांबते.

जीवावरच्या गोष्टींत मी सगळ्यात आधी पाण्याचं सांगेन, कारण ते कुणाच्या डोक्यात येत नाही. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे बाथरूममध्ये कायम भरलेल्या बादल्या. मी ओट्यावर चहा गाळत होतो, दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. आत गेलो तर मुलगी बादलीच्या काठावर पोटावर वाकलेली, पाण्यात पडलेला मग धरायला हात खाली, आणि दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले. मी मागून फ्रॉकला धरून उचललं. तिला काहीच झालं नाही, पण माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. या वयाच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. तोल गेला की त्याला स्वतःला वर उचलता येत नाही, आणि तळाशी वीतभर पाणीसुद्धा पुरतं. ओरडायला तोंड पाण्याबाहेर नसतं, म्हणून आवाजही येत नाही. आता आमच्या सगळ्या बादल्यांवर घट्ट झाकणं आहेत आणि बाथरूमच्या दाराला वर, माझ्या छातीच्या उंचीवर कडी बसवली आहे. तुमच्याकडे पिंप असेल तर त्यावरही झाकण ठेवा.

दुसरं, रिमोटमधले, गाणाऱ्या खेळण्यांतले बटणासारखे चपटे सेल. ते गिळले आणि अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांतसुद्धा आत गंभीर भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी ‘शीतून पडेल’ म्हणून वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढा. ज्या खेळण्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही ते घरात नको. फिनेल, ॲसिड, रॉकेल कधीही थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवू नका. मुलाला बाटली ओळखीची असते, आतलं नसतं. आणि काही प्यायलंच तर बोट घालून उलटी काढू नका, वर येताना ॲसिड दुसऱ्यांदा भाजतं आणि रॉकेल फुप्फुसात जाऊ शकतं. बाटली सोबत घ्या आणि निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं अजून बरीच वर्षं नकोत. शेंगदाण्याचं कूट करून द्या, द्राक्षं उभी चिरून द्या. घास अडकला आणि दिसत नसेल तर तोंडात बोट घालून चाचपडू नका, तो आणखी आत जातो. पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने थापट्या कशा द्यायच्या ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. मी लसीच्या वेळी विचारलं, त्यांनी पाच मिनिटांत दाखवलं.

आता मोकळं सोडायचं ते. आमच्या स्वयंपाकघरातली सगळ्यात खालची ट्रॉली मुलीची आहे. त्यात स्टीलचे झाकणाचे चार डबे, पिठाची चाळणी, पळी, दोन वाट्या, लाकडी चमचा. एका सकाळी तिने सगळ्यात मोठं झाकण सगळ्यात लहान डब्यावर ठेवलं. ते घसरलं. उलटं करून ठेवलं, परत घसरलं. माझा हात पुढे गेला होता, मी मागे घेतला. तिने डबा बदलला, झाकण तेच. चौथ्या डब्यावर झाकण ‘टक’ करून बसलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं नाही, झाकण काढलं आणि पुन्हा लावलं. तेवढ्या वेळात माझ्या पोळ्या झाल्या.

विकतची खेळणी तिच्याकडे आहेत, ती दोन दिवस पुरतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणारे शंख-शिंपले, खडे, पानं, बिया यांवरच शिकवलं. ती मुलं तुमच्या बाळापेक्षा मोठी होती, त्यामुळे खडे आणि बिया तुम्ही अजून देऊ नका. पण वाटी, कणकेचा गोळा, रुमालाच्या घड्या, कांद्या-बटाट्याची टोपली यांवर सकाळ निघते.

मोबाईल दिला की शांत बसतो, हे मला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच म्हटलंय, आणि दोन वर्षांनंतरही दिवसाला एका तासाच्या आत. आमच्याकडे आत्याचा व्हिडिओ कॉल सोडून मोबाईल दिला जात नाही. पहिले पाच-सहा दिवस जड गेले.

राहिल्या सासूबाई. माझी आईही हेच म्हणायची, ‘हातावर दे एक.’ मी वाद घातला नाही. एक दिवस आई मेथी निवडायला बसली तेव्हा मुलीला तिच्यापुढे बसवलं आणि चार काड्या हातात दिल्या. मुलगी पान तोडून काडी वाटीत टाकायची आणि पान खाली. आई म्हणाली, ‘उलटं करतेय गं बाई,’ आणि तिचा हात धरून दाखवायला लागली. आता मेथी आली की मुलगी स्वतः जाऊन आजीला पेपर आणून देते. आईच्या तोंडून ‘हातावर दे’ मी बऱ्याच महिन्यांत ऐकलेलं नाही. तुमच्या सासूबाईंनाही असं काहीतरी त्याच्यासोबत करायला द्या. वाटाणे मात्र नकोत, ते नाकात जातात.

आज तो झोपला की खालची ट्रॉली रिकामी करा. सुरी, किसणी, काचेच्या बरण्या वर जाऊ द्या. डबे ठेवताना झाकणं वेगळी ठेवा. लाटणं ठेवू नका, पायावर पडतं. सकाळी त्याला काही सांगू नका, त्याला ती ट्रॉली स्वतःच उघडू द्या.