जामीनदार म्हणून नोटीस आली, सुनावणीला जाऊ का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. चुलतभावाने पतसंस्थेतून ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलं. मी आणि त्याचा एक मित्र जामीनदार राहिलो. भावाने हप्ते थकवले, ट्रॅक्टरही विकला. आता मला सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडून सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ ची, म्हणजे थकबाकी वसुलीची, नोटीस आली आहे. वसुलीवाले म्हणतात, पूर्ण पगार थांबवू, बायकोचे दागिने उचलू. मी एक पैसाही घेतलेला नाही, मग सुनावणीला कशाला जाऊ?

उत्तर : गुरुजी, सुनावणीला जाच. पैसे तुम्ही घेतले नाहीत हे खरं. पण भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी भावाकडून वसूल करा’ असा हट्ट तुम्हाला धरता येत नाही. तुम्ही गैरहजर राहिलात, तर एकतर्फी वसुली दाखला, म्हणजे थकबाकी सक्तीने वसूल करण्याचा आदेश, निघेल. त्याविरुद्ध महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज (आदेशाची फेरतपासणी मागणारा अर्ज) करता येतो, पण दोन महिन्यांच्या आत, आणि वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के संस्थेत भरल्यावरच. दाखला निघण्याआधी म्हणणं मांडायला अशी कोणतीही रक्कम भरावी लागत नाही. ही संधी घालवणारे जामीनदार पाहिले की फार वाईट वाटतं.

तारखेला लेखी म्हणणं द्या आणि पोच म्हणून तुमच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. त्यातच कर्ज अर्ज, करारनामा, जामीनखत, तारणाचे कागद आणि कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागा. उतारा ओळ न् ओळ वाचा. मार्चअखेरीस थकबाकी दिसू नये म्हणून अनेक ठिकाणी कर्ज ‘नवं-जुनं’ करतात : जुनं खातं एका दिवसात शून्यावर येतं आणि त्याच दिवशी नव्या क्रमांकाने तेवढंच किंवा जास्त कर्ज उभं राहतं. तसं झालं असेल तर नव्या कागदांवर तुमची सही आहे का, ते बघा. नसेल, तर नव्या कर्जाला तुम्ही जामीनच राहिलेला नाहीत, हा मुद्दा ठासून मांडा.

दुसरा मुद्दा ट्रॅक्टरचा. आरसी बुकावर संस्थेचा बोजा होता का? असल्यास तो कसा उतरला, हे आरटीओकडून काढा. संस्थेनेच ना-हरकत देऊन, तुम्हाला न विचारता तारण सोडलं असेल, तर करार कायद्याच्या कलम १४१ नुसार त्या ट्रॅक्टरच्या किमतीइतकी तुमची जबाबदारी कमी होते. भावाने संस्थेला अंधारात ठेवून विकला असेल, तर हा बचाव बराच लंगडा पडतो.

पूर्ण पगार कोणी थांबवू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जप्तीयोग्य पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे हिशोबात धरायचा पगार ६१,००० असेल, तर महिन्याला जास्तीत जास्त २०,००० जातील. मात्र कर्जाच्या कागदांसोबत पगारातून कपातीच्या संमतीपत्रावर सही केली असेल, तर संस्था त्याच आधारावर तुमच्या कार्यालयाला पत्र देईल. म्हणून तो कागद आधी शोधा. पत्नी जामीनदार नाही, त्यामुळे तिच्या स्त्रीधनाला हात लावता येत नाही. तशी धमकी देणाऱ्याचं नाव, तारीख लिहून ठेवा आणि निबंधकांकडे लेखी तक्रार करा.

कोरा चेक सही करून दिला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिला असेल आणि तो न वटल्याची नोटीस आली, तर १५ दिवसांच्या आत पावलं उचला. ‘रक्कम मी लिहिली नव्हती’ एवढ्यावर तिथे सुटका होत नाही.

शेवटी भरावं लागलंच, तर रोखीने देऊ नका. पावतीवर कर्जखाते क्रमांक आणि ‘जामीनदार म्हणून भरणा’ असं लिहून घ्या. भरलेली रक्कम भावाकडून वसूल करायचा हक्क करार कायद्याचं कलम १४५ देतं. दाव्याची मुदत भरणा केल्यापासून तीन वर्षं. नात्यातलं आहे म्हणून ती मुदत उलटू देऊ नका. दुसऱ्या जामीनदाराकडूनही, वेगळं काही ठरलं नसेल तर, निम्मा वाटा मागता येतो. त्यालाही नोटीस आली असणार. आजच त्याला फोन करा.