डार्विनला येण्याआधी: आधी कान, मग बोलणं

तू विचारलंयस, "ताई, बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी) झालंय, इंग्रजी चांगलं आहे. ऑस्ट्रेलियात, डार्विन शहर असलेल्या नॉर्दर्न टेरिटरीत, ॲबोरिजिनल (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) मुलांसोबत काम करायला येऊ का?" जरूर ये. फक्त इंग्रजीवर फार भिस्त ठेवू नकोस.

आपण ज्याला 'कान वाहतो' म्हणतो, तेच इथलं मूळ दुखणं. कान वाहणाऱ्या मुलांचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं की जागतिक आरोग्य संघटना ती तातडीची समस्या मानते. इथल्या काही दुर्गम वस्त्यांत ते त्याच्या कितीतरी पट नोंदलं गेलंय. घरं कमी, माणसं जास्त, त्यामुळे जन्मानंतर काही आठवड्यांतच बाळाच्या नाकात जंतू ठाण मांडतात आणि मधल्या कानात पाणी साचतं. बरेचदा कान दुखतच नाही, बाळ रडत नाही. आईला कळणार कसं? तिला बोल लावू नकोस. भाषा शिकायच्या वयातच ऐकू येणं असं कमी-जास्त होत राहतं.

पहिल्या वर्षी इथल्याच आर्नहेम लँड भागात चार वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर चटईवर बसली होती. मी चित्रं दाखवून इंग्रजीत विचारत होते, ती गप्प. माझ्या कागदावर 'भाषाविकास उशिरा' लिहूनही झालं होतं. सोबतच्या योल्ङू (तिथल्या ॲबोरिजिनल समाजाच्या) आरोग्यसेविकेने टिश्यूची वात पिळून हलकेच तिच्या कानात धरली. पिवळी, चिंब होऊन बाहेर आली. वात कोरडी येईपर्यंत तिने तेच केलं, मग थेंब घातले. नंतर मुलीची आजी अगदी समोर, तोंड दिसेल अशी बसली आणि आपल्या भाषेत बोलू लागली. पोरगी थांबेना! मी ती ओळ खोडली. घरची भाषा सोडून इंग्रजी बोला, असा सल्ला कुणालाही देऊ नकोस.

कागदपत्रांचं थोडक्यात: आपली पदवी दोन्हींची असली तरी इथे स्पीच पॅथॉलॉजी (वाचा-भाषा उपचार) आणि ऑडिओलॉजी (श्रवण तपासणी-उपचार) हे वेगळे पेशे आहेत. पहिल्यासाठी 'स्पीच पॅथॉलॉजी ऑस्ट्रेलिया' या संस्थेकडून पात्रता तपासून घे. मुलांसोबत कामासाठी 'ओकर कार्ड' लागतं, ॲबोरिजिनल जमिनीवर जायला परवाना.

आणि मुलाखतीत एक प्रश्न तूही विचार: माझ्यासोबत त्याच वस्तीतलं कोण काम करणार? याचं सरळ उत्तर मिळालं नाही, तर ती नोकरी घेऊ नकोस.