गोल्फ कोर्स जमत नसेल तर

एका कोर्सवर चारदा माती खाल्लीत म्हणून स्विंग, म्हणजे फटक्याची ढब, बदलायला धावू नका. गोल्फपटू ली ट्रेव्हिनोने सहा मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या, स्पर्धा जिंकल्या; ऑगस्टाच्या कोर्सवर होणारी मास्टर्स मात्र कधीच नाही. त्याचा चेंडू डावीकडून उजवीकडे वळायचा; त्यामुळे ऑगस्टा आपल्या खेळाला मानवत नाही, असं तो उघड म्हणायचा.

तुम्ही सध्या एवढंच करा:

- पुढच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) खेळा. मागच्या टीची हौस नवख्यांना हमखास नडते.
- उजव्या हाताने खेळता आणि चेंडू उजवीकडे पळतो ना? मग टी बॉक्सच्या उजव्या कडेला टी (चेंडू ठेवायची खुंटी) रोवा, रोख डावीकडे धरा. बहुतेकजण नेमकं उलटं करतात.
- फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) अरुंद असेल तर ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याची काठी, पिशवीतच राहू द्या. हे कळेपर्यंत मी डझनभर चेंडू तळ्याला वाहिलेत.

मुद्दाम ड्रॉ (उजवीकडून डावीकडे वळणारा फटका) मारणं वगैरे पुढच्या वर्षी बघू.