नव्या स्लॅबच्या वर्गात आवाज घुमतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गुहागरजवळच्या तुमच्या शाळेचा कौलारू वर्ग पाडून स्लॅबचा बांधला, खाली गुळगुळीत लादी घातली आणि तेव्हापासून बाईंचं बोलणं मागच्या मुलांना कळत नाही. भिंतींना थर्मोकोल किंवा अंड्यांचे ट्रे लावावेत का, असा तुमचा प्रश्न आहे.

दोन्ही लावू नका. थर्मोकोलमधली हवा बंद कप्प्यांत असते, त्यामुळे आवाजाला आत शिरायला वाटच नसते. ट्रे पातळ असतात, फार तर अगदी वरच्या पट्टीतला आवाज थोडासा खातात. शिवाय दोन्ही झटकन पेट घेतात, आणि वर्गात मुलं असतात.

मी राजापूर तालुक्यात विज्ञान शिकवायचो, आमच्याकडे हाच त्रास होता. एकदा शुद्धलेखन घेताना ‘काठ’ म्हटलं, तर मागच्या दोन बाकांवर ‘पाठ’, ‘ताट’ आणि एका वहीत ‘काट’ आलं. मुलं हुशार होती, चूक वर्गाची होती. घुमणाऱ्या खोलीत स्वर रेंगाळतात आणि मागून येणारी व्यंजनं त्यांच्याखाली दबतात. मोठ्याने बोललं की घुमणंही तेवढंच मोठं होतं, बाईंचा घसा मात्र बसतो.

हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात असंच व्हायचं. १८९५ साली वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून तो रात्री आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचा. शोषणाचं माप म्हणून त्याने धरली उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. कोकणातल्या मास्तरांना हे लगेच पटेल. उन्हाळ्यात खिडक्या सताड उघड्या असतात तेव्हा वर्ग बरा वाटतो. जुलैत झड आत येते म्हणून खिडक्या लावल्या की घुमणं वाढतं. जुन्या कौलांच्या फटींतूनही बराच आवाज निघून जायचा.

आता हिशेब. वर्ग २० बाय २५ फूट आणि उंची ११ फूट धरली तर आकारमान सुमारे १५५ घनमीटर. अमेरिकेतल्या मानकात एवढ्या वर्गाला, रिकामा असताना, आवाज विरायला जास्तीत जास्त ०.६ सेकंद दिलेत. सॅबिनच्या सूत्राने (०.१६१ गुणिले आकारमान, भागिले वेळ) सुमारे ४२ चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं शोषण लागतं. पस्तीस मुलं, बाकं, भिंती मिळून वीसच्या आसपास देतात. उरलेल्या बावीससाठी, पडलेल्या आवाजातला पाऊण भाग खाणारी वस्तू तीस चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट लागेल. मानक रिकाम्या वर्गाचं असल्यामुळे चारशे फूट जमलं तर उत्तम.

ही वस्तू कोणती? आपल्याकडे काथ्या आहे. स्पंज आम्ही आधी लावून पाहिला. ऑगस्टमध्ये त्याला काळी बुरशी आली, वर्गात वास मारायला लागला, सगळा काढून टाकावा लागला. काथ्या सहजी कुजत नाही. दोन इंच जाडीचे काथ्याचे पट्टे घ्या आणि भिंतीला थेट चिकटवू नका. दोन इंचांच्या रिपा ठोकून त्यावर बसवा. मागच्या पोकळीमुळे भिंतीची ओल लागत नाही, आणि खर्जातला आवाजही जास्त शोषला जातो. रिपांना वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचं तेल लावा, पण पूर्ण वाळल्याशिवाय मुलांना जवळ जाऊ देऊ नका, कातडी भाजते. काथ्याही जळतो, तेव्हा वायरी आणि दिव्यांपासून लांब ठेवा.

वरून मांजरपाटासारखं कापड लावा. ते तोंडासमोर धरून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर चालेल. रंग देऊ नका. आमच्या इथे रंगकाम करणाऱ्याने पट्ट्यांवर ऑइलपेंट फिरवला, छिद्रं बुजली आणि खर्च वाया गेला.

मागची भिंत पूर्ण झाका, बाकीचं छताला लावा. फळ्याजवळचं छत मात्र तसंच मोकळं ठेवा, तिथून आदळून बाईंचा आवाज मागे पोचतो. बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधा, त्याला पैसे लागत नाहीत आणि खरखर लगेच थांबते.

पडवीच्या पत्र्यावरचा पावसाचा ताडताड आवाज ही वेगळी गोष्ट आहे. काथ्याने वर्गातलं घुमणं कमी होईल, पत्रा वाजायचा थांबणार नाही. त्यासाठी पत्र्यावर नारळाची विणलेली झापं घट्ट बांधून अंथरा, म्हणजे थेंबांचा मार तिथेच मुरतो.

काम एप्रिल-मे महिन्यात, सगळं कोरडं असताना करा. त्याआधी खिडक्या लावून वीस शब्दांचं एक शुद्धलेखन घ्या आणि मागच्या दोन बाकांच्या वह्या जपून ठेवा. जूनमध्ये तसेच वीस शब्द पुन्हा घाला आणि वह्या शेजारी ठेवून पाहा.