विश्रामगृहाच्या पत्रावर सफारी बेतू नका

वर्षभरात महाराष्ट्र कसा फिरावा, या तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीपाशी अडकले: "जंगलाजवळच्या सरकारी विश्रामगृहासाठी अर्ज दिलाय, आरक्षणाचं पत्र आम्ही निघायच्या आदल्या दिवशी मिळेल म्हणालेत." वर्षभरात जंगल, समुद्र, लेणी, गड, सगळं महाराष्ट्रातच आणि सोबत सत्तरी ओलांडलेले आईबाबा व शाळकरी मुलं. बेत झकास आहे. हॉटेल कसं शोधायचं, गाडी कुठली न्यायची हे काही तुम्हाला सांगायला नको. पण त्या ओळीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आम्हीही विदर्भात एका जंगलाच्या कडेला असेच दोन कक्ष घेतले होते. खातं कुठलं, गाव कुठलं ते लिहीत नाही. तिथला खानसामा भला माणूस होता, त्याच्या डोक्याला ताप नको. आधी टपालाने अर्ज, मग ईमेल, मग "प्रत्यक्ष या" म्हणाले म्हणून नागपूरच्या मावसदिराला पिटाळलं. चलन भरलं. पत्र आलं तेही साग्रसंगीत: जावक क्रमांक, गोल शिक्का, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत, शासकीय कामासाठी कक्ष लागल्यास आरक्षण पूर्वसूचनेशिवाय रद्द करण्यात येईल.

दिवेलागणीला पोचलो तर फाटकापासून पोर्चपर्यंत दोन्ही बाजूंनी पांढरी फक्की मारलेली. सासूबाई म्हणाल्या, "वा, आपल्यासाठी एवढं?" खानसामाने काही न बोलता रजिस्टर पुढे केलं. आमच्या नावावर लाल शाईची आडवी रेघ आणि शेजारी एकच शब्द, दौरा. ऑफिसला फोन लावला तर साहेब मीटिंगमध्ये. परत लावला तर नुसतीच रिंग. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे दाद मागायलाही कुणी नाही. रात्री उशिरा हायवेवरच्या एका लॉजमध्ये जागा मिळाली, सफारीच्या गेटपासून बरीच लांब. सासूबाईंचे गुडघे, पोरांची झोप, काळोखातला रस्ता… पहाटेची सफारी हुकली ती हुकलीच.

खरा फटका तोच. खोलीचं भाडं किरकोळ असतं. सफारीचा परवाना मात्र नाव, ओळखपत्र, गेट आणि वेळ यांना बांधलेला असतो. "सकाळी जमलं नाही, दुपारी सोडता का?" याला गेटवर उत्तर नसतं. परवाना, जिप्सी, गाईड, तिन्ही पैसे पाण्यात. खोलीच्या परताव्यासाठी तर मूळ पावती घेऊन पुन्हा "प्रत्यक्ष या"! नवऱ्याने दोनदा स्मरणपत्र पाठवलं, मग मीच म्हटलं सोडून दे.

तेव्हा माझं स्पष्ट मत: सफारीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम अशा पत्रावर ठेवू नका. विश्रामगृहाची हौस असेल (मलाही आहे, जुन्या इमारती, उंच छत, मोठा व्हरांडा) तर परतीच्या वाटेवर एक रात्र ठेवा, तीही जिथे त्याच गावात दुसरी सोय आहे अशा ठिकाणी. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन असताना त्या पट्ट्यात विचारूसुद्धा नका. आचारसंहितेच्या काळात तर वेगळेच नियम लागतात. सगळीच खाती अशी वागतात असं मी म्हणत नाही, कोकणात याच पद्धतीने आमचं छान जमलं होतं. पण वयस्कर माणसं बरोबर असताना जुगार कशाला? एमटीडीसीच्या (राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या) खोलीला काहीजण नाकं मुरडतात, मी मात्र ती ऑनलाइन पक्की होते एवढ्यासाठीच घेते.

दुसरं म्हणजे आधी ठिकाणांची यादी करून मग रजा शोधताय, ते उलट करा. आधी बंदचे दिवस बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. रविवारी रात्री संभाजीनगरला पोचलात तर सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. क्रम चुकला की दोन्हीकडे कुलूप. लेणी ऑगस्टात करा असं मी म्हणेन. डोंगर हिरवे असतात आणि वेरूळला २९ नंबरच्या लेण्याशेजारी धबधबा कोसळत असतो. अजिंठ्याला आपली गाडी खालीच ठेवून फर्दापूर फाट्यावरून बसने जावं लागतं, पुढे पायऱ्या. आईबाबांसाठी डोली मिळते, लाजू नका.

ताडोबाचा कोअर, म्हणजे गाभ्याचा भाग मंगळवारी बंद, आणि जुलै ते सप्टेंबर पूर्णच. मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ दिसतो हे खरं, पण चंद्रपूरचा मे सत्तरीतल्या माणसांसाठी नाही. फेब्रुवारी घ्या. जाताना समृद्धी महामार्गाने जाणार असाल तर (जून २०२५ पासून तो पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे) मेहकरला उतरून लोणार करा. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात झालेलं विवर आहे, साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं, आणि त्याच्या तळाशी सरोवर. आईबाबांना खाली उतरवू नका, काठावरून बघणंही पुरेसं आहे. आणि समृद्धीवर टायरची हवा तपासल्याशिवाय चढू नका, मध्ये मध्ये थांबत चला. सरळ रस्त्यावर डोळा लागतो.

समुद्र नोव्हेंबरात, दिवाळीची सुट्टी संपल्यावर. पावसाळ्यात जंजिरा आणि सिंधुदुर्गच्या होड्या बंद असतात, हे माहीत नसलेली माणसं दरवर्षी जुलैत मालवणच्या धक्क्यावर उभी राहून किल्ल्याकडे बघत असतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची म्हणाल तर मार्च-एप्रिल. पण पिल्लं आपल्या सुट्टीप्रमाणे बाहेर येत नाहीत, मुलांना आधीच सांगून ठेवा.

गडांत रायगड, रोपवे आहे म्हणून. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यातले अकरा आपल्याकडे आणि एक तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून शनिवार-रविवार विसराच, मधल्या वारी जा. रोपवे देखभालीसाठी बंद असतो अधूनमधून, निघण्याआधी फोन करा. पावसाळ्यात घाट-धबधब्यांवर जिल्हाधिकारी अचानक बंदी घालतात, आदल्या रात्रीच्या बातम्या बघून निघत जा. कास पठारावरची फुलं बघायचं सप्टेंबरात जमवा, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि ऑनलाइन नोंदणी करूनच.

अवांतर: आईबाबांना घेऊन जवळपासची एखादी सहल एसटीने करून बघा. पंचाहत्तरीपुढे तिकीट नाही, ६५ ते ७५ ला अर्धं, बायकांना २०२३ पासून अर्धं. सवलतीसाठी कुठलं कार्ड लागतं ते आधी विचारून घ्या. एकटं भटकायचं असेल तर 'आवडेल तेथे प्रवास'चा चार किंवा सात दिवसांचा पास अजून मिळतो, तरुण मंडळींना का माहीत नसतो कोण जाणे.

हे सगळं माझ्या अनुभवाचं. वेळा आणि दर बदलत राहतात, आपापलं तपासून घ्या. ताडोबाचा परवाना काढला असेल तर गेट कुठलं ते कळवा. मोहर्ली असेल तर गावातच राहायच्या बऱ्याच जागा आहेत, आईबाबांना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत अशा एक-दोन सुचवते. कोलारा असेल तर मात्र उशीर करू नका, आजच खोली धरा.